उलटीच्या गोळीचा भाव

माझं तोंड पाहून माणसाला उलटी झालेली आहे. हे मी रागानं लिहीत नाही, आणि विनोदानं तर मुळीच नाही. पनवेलला एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं औषधांचं दुकान होतं. उमेदीची सगळी वर्षं मी त्या काउंटरमागे काढली. आता दुकान भाचीच्या हवाली केलंय आणि मी घरी बसून गुडघ्यांना तेल लावते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "बाई, दुकानातल्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. पण मला आठवतं ते निराळंच, आणि ते चकलीबरोबर वाचण्यासारखं आहे की नाही, ते वाचणाऱ्यांनी बघावं.

आमच्या भागात कॅन्सरवर उपचार होऊ लागले तशी माझ्याकडची गिऱ्हाइकं बदलत गेली. केमोची मुख्य औषधं बहुतेक इस्पितळातच मिळायची. घरी न्यायची उलटीची औषधं मात्र लोक बाहेरून घ्यायचे, कारण बाहेर घासाघीस करता येते. आणि काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ओ मॅडम, यात काय सोनं भरलंय का?"

सोनं नाही, पण हिशेब बराच भरलेला असतो. सगळ्या केमोनं सारखी उलटी होत नाही. काहींनी नुसतं मळमळतं, काही आतडी पिळून काढतात. औषध जितकं जहाल, तितकी त्याच्याबरोबरची उलटीची औषधं जास्त आणि महाग. जुनी गोळी शंभर कंपन्या करतात, सरकारही तिच्या किमतीवर लगाम ठेवतं, म्हणून ती स्वस्त. नवी कॅप्सूल मोजक्या कंपन्या करतात, म्हणून ती महाग. त्यातही एकच औषध, एकाच ताकदीचं, पण एका डब्यावर दुसऱ्या डब्याच्या दुप्पट-तिप्पट किंमत छापलेली. आणि छापलेली किंमत म्हणजे दुकानदाराला पडलेली किंमत नव्हे. मधली फट कुठं बोटभर असते, कुठं त्यातून बैलगाडी जाईल एवढी. मी त्या फटीतून थोडी सूट द्यायचे, काही जण देत नाहीत. जिभेवर विरघळणारी गोळी साध्या गोळीपेक्षा महाग, इंजेक्शन त्याहून महाग, आणि ज्याला फ्रीज लागतो त्याचं तर विचारूच नका. शिवाय विमा. इस्पितळात टोचलेलं विम्यात बसतं, तेच काम करणारी गोळी घरी नेली की कारकून मान हलवतो. तेव्हा भाव विचारणाऱ्याला मी म्हणायचे, "बसा, पाणी प्या. हे लांबचं प्रकरण आहे."

स्वस्त औषधाचीही भीती वाटते लोकांना. नवीन पनवेलचे एक बिल्डर आईची चिठ्ठी घेऊन आले होते. डॉक्टरांनी विचार करून एक जुनी, अगदी चिल्लर किमतीची गोळी लिहिली होती. ती मुळात मनाच्या आजारांसाठीची, पण उलटीवर उत्तम चालते. साहेबांनी मोबाइलवर नाव शोधलं आणि काउंटरवर हात आपटला. "माझ्या आईला वेड्यांची गोळी? आणि तीही एवढ्या स्वस्तातली? सगळ्यात महाग काय आहे ते काढा." मी काढलं नाही. डॉक्टरांना फोन लावून साहेबांच्या हातात दिला. पुढच्या खेपेला आले ते पेढे घेऊन. आईनं वरण-भात खाल्ला होता.

इथपर्यंत सगळं हिशेबातलं होतं. पुढचं सांगताना मला अजून नीट शब्द सापडत नाहीत.

रोडपालीला राहणाऱ्या एक शिक्षिका होत्या. स्तनाच्या कॅन्सरवर त्यांना लालभडक रंगाचं इंजेक्शन द्यायचे. त्या ठणठणीत बऱ्या झाल्या, केस आले, शाळेत जाऊ लागल्या. एकदा उन्हाळ्यात दुकानात आल्या. मी माझ्यासाठी कोकम सरबताचा पेला भरून ठेवला होता. त्यांची नजर पेल्यावर गेली, आणि बोलता बोलता त्यांचा आवाजच बंद झाला. ओठ पांढरे पडले. त्या पायरीवर गेल्या आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकल्या. उपचार संपून कितीतरी दिवस उलटले होते. मला म्हणाल्या, "मला माहितीय ते कोकम आहे. पण माझ्या आत कुणीतरी बसलंय, त्याला माहीत नाही."

याला शास्त्रात कारण आहे, आणि ते मी अनेकांना समजावलंय. पहिल्याच केमोला उलटी आवरली नाही, तर शरीर धडा शिकतं. ज्या रस्त्यानं तिकडं गेलो, जो वास आला, जो माणूस दिसला, ते सगळं शरीर विषाच्या खात्यात टाकतं. मग औषध न टोचताच नुसतं ते दिसलं तरी उलटी. ही एकदा जडली की महागातली महाग कॅप्सूलही तिच्यापुढं हात टेकते. म्हणून मी घसा फोडून सांगायचे, काटकसर करायची तर दुसरीकडे करा, पहिल्या खेपेला उलटीच्या औषधात करू नका. तिथं वाचवलेला रुपया पुढं सगळ्यात महाग पडतो.

हे मी हसुरामलाही सांगितलं होतं.

हसुराम नेऱ्याच्या बाजूचा. भातशेती, शिवाय स्वतःचा टेम्पो. बायको मैनाबाय, लग्नाची एक मुलगी, आणि नितेश नावाचा मुलगा, तो तळोज्याला नोकरीला. हसुराम अंगानं पिंपळासारखा आणि खाण्याचा भारी शौकीन. आजारपणाची चिठ्ठी हातात असताना मला जिताडा माशाचं कालवण कसं करायचं ते सांगत होता. त्याला जहाल केमो होती, म्हणून तीन कॅप्सूलचं पाकीट लिहिलेलं. केमोच्या दिवशी मोठी, पुढचे दोन दिवस एकेक लहान. मी त्याला त्यातल्या त्यात स्वस्त कंपनीचं काढून दिलं आणि तीनदा बजावलं, "बरं वाटलं तरी तिन्ही घ्यायच्या."

"घेतो ना ताय. मी काय शाळेतला पोर हाय का?"

पण हसुराम शेतकरी होता. शेतकऱ्याच्या घरात आलेलं सगळं खाऊन टाकत नाहीत, बियाणं बाजूला काढतात. पहिल्या दिवशी मोठी कॅप्सूल घेतली आणि गडी खुशाल होता, संध्याकाळी भाकरीसुद्धा खाल्ली. झालं. एवढी महागाची वस्तू, गरज नसताना का संपवायची? दोन लहान कॅप्सूल त्यानं फडक्यात बांधल्या आणि तांदळाच्या कणगीत खुपसून ठेवल्या, पुढच्या खेपेसाठी. आता या औषधांतली खोच अशी, की खरी उलटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. ती आली तेव्हा पाण्याचा घोटही पोटात ठरेना, कॅप्सूल कुठली ठरणार? उचलून इस्पितळात न्यावं लागलं. त्याच्या सलाइनच्या खर्चात तसली कित्येक पाकिटं आली असती. मैनाबायला फडकं सापडलं ते तांदूळ काढताना. ते घेऊन ती माझ्याकडे आली आणि काउंटरवर सोडलं. कॅप्सूलना तांदळाचा कोंडा लागला होता.

"बी ठेवल्यान व्हता," एवढंच ती म्हणाली. रडली नाही. मला मात्र संताप आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या खेपेपासून त्यानं सगळं शिस्तीत घेतलं. पण शरीर शिकून बसलं होतं. आधी इस्पितळाच्या दारात उलटी व्हायची. मग स्टँडचं वळण आलं की. मग माझी पाटी दिसली की. शेवटी सगळं सरकत सरकत माझ्या तोंडावर येऊन थांबलं. इस्पितळातली माणसं बदलायची, नर्सबाई बदलायच्या. प्रत्येक खेपेला तेच तोंड दिसायचं ते माझं. डॉक्टरांनी भीतीवरची एक बारीक गोळी जोडून दिली, तिनं रस्ता आणि पाटी सुटली. मी सुटले नाही.

मी उपाय केले. त्याच्या वेळेला मागच्या खोलीत जाऊन बसायचे. साबण बदलला, केसांचं तेल बदललं. मैनाबायला एकटीला बोलवायचे. एकदा केमो थांबून बरेच दिवस झाले असताना मच्छीबाजारात तो समोरून आला, हातात बोंबलांची पिशवी, अंग थोडं धरलेलं. मला लपायला वेळ मिळाला नाही. त्यानं हसायला तोंड उघडलं आणि ते हसू तसंच राहिलं. गटाराशी वाकून तो ओकत राहिला. बाजूच्या कोळिणीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काही केलंय. तो मान वर न करताच म्हणाला, "राग नका धरू ताय. मना कलतंय तुमी कोन हाय. पोटाला नाय कलत."

मी घरी आले आणि आरशात पाहिलं. साठीची एक बाई, चष्मा, कपाळावर टिकली. बराच वेळ पाहत राहिले. आपल्याच तोंडाची अशी भीती वाटावी, हे आधी कधी झालं नव्हतं.

मग ती दुपार. आमच्या नात्यातल्या कुणाच्या तरी फार्महाउसवर पूजा होती, नेऱ्याच्या पुढं. गाडीच्या काचा बंद होत्या, एसी चालू. हसुरामचं घर रस्त्यापासून आत, शेताच्या पलीकडे. जाताना घराचं छप्पर तेवढं दिसलं. थांबावंसं वाटलं, पण थांबले नाही, उगाच त्याला त्रास. कुणाला फोन केला नाही, सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैनाबाय दुकानात आली. तिनं औषध मागितलं नाही. पदर घट्ट लपेटून उभी राहिली आणि म्हणाली, "ताय, काल दुपारचे तुमी आमचेकरशी गेलाव?"

"कुणी सांगितलं?"

"यांनीच. निजले व्हते. येकदम उठून बसले, म्हनाले मेडिकलवाली आली. मी भायेर बघलां, कोन नाय. आनि यांना उलटी लागली ती काय थांबेच ना. मंग थोऱ्या टायमानं म्हनाले, गेली."

मी तिला काहीतरी सांगितलं. आवाज ओळखीचा असेल, योगायोग असेल, असं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होतं, आणि ती मान किंचित तिरपी करून उभी होती. त्या दिवशी मला कळलं की तिलाही आता माझ्याकडे सरळ पाहवत नाही. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसले. कुठलंच शास्त्र आठवलं नाही.

आजार पुढं लिव्हरमध्ये गेला आणि हसुराम गेला. उलटीनं नाही, आजारानं. पण शेवटच्या महिन्यांत त्यानं धड जेवण असं केलं नाही. समोर ताट आलं की डोळे मिटायचा. जिताडा आणला, वालाचं बिरडं केलं, तांदळाची पातळ भाकरी केली. तो मैनाबायला म्हणायचा, "भूक हाय गं. लय भूक हाय. पन आत जात नाय."

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. मला जायचं नव्हतं. मेलेल्या माणसालाही आपण नकोसे असू, असा विचार मनात आला आणि मी तो झटकला. उन्हं चढू लागली असताना नितेश मोटरसायकलवर दुकानात आला. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर, वरून तसाच शर्ट घातलेला.

"ताई, कावळा शिवत नाय," तो म्हणाला. "सगळं बोलून झालं. बहिणीचं लग्न करीन म्हटलं, टेम्पो विकणार नाय म्हटलं, आईला सांभाळीन म्हटलं. झाडावर पन्नास कावळे बसलेत. येक खाली येत नाय. आई सांगते, त्याला भूक हाय पन मळमळतंय. ती कॅप्सूल द्या."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेला तृप्त होऊन सुटला, असं मानतात. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग घरचे एकेक वचन देत जातात, कुठलं लागू पडतं ते बघत. दर्भाचा कावळा करून शिववता येतो, भटजीही तेच सुचवत होते. पण मैनाबाय हटून बसली होती. नवरा उपाशी गेला होता, आणि आता गवताच्या कावळ्यानं त्याचं जेवण उरकायचं, हे तिला सहन होणार नव्हतं.

मी फार्मासिस्ट आहे. चिठ्ठीशिवाय मी ते औषध जिवंत माणसाला दिलं नसतं. मी कपाटातून पाकीट काढलं. नितेशनं खिशात हात घालून विचारलं, "मोठी येकच भेटेल का?"

"नाही," मी ओरडलेच. "अख्खं पाकीट ने. तिन्ही ठेवायच्या." आणि मग माझं मलाच कळलं नाही, मी भाचीला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि त्याच्या मागे बसले. या वेळी तिन्ही घेतो की नाही, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

नदीवर माणसं उभी होती. पलीकडच्या झाडावर खरंच पानांपेक्षा कावळे जास्त होते आणि एकाचाही आवाज नव्हता. कावळे एवढे गप्प मी कधी पाहिले नव्हते. मैनाबायनं पाकीट फोडलं. मोठी कॅप्सूल पानावर, भाताशेजारी, जिताड्याच्या तुकडीला लागून ठेवली. मग दोन लहान. हात जोडून म्हणाली, "सगल्या ठेवल्या हो. काय मागं ठेवलां नाय. घ्या आनि मंग जेवा."

सगळे मागे सरले. आम्ही वाट पाहिली. एक कावळा फांदीवरून उतरला, दगडावर बसला, पिंडाकडे दोन उड्या मारत आला. त्यानं मान वळवली, ती पिंडाकडे नाही, आमच्याकडे. माणसांच्या घोळक्यात नेमकी मी उभी होते तिथं त्याची नजर थांबली, असं मला वाटलं. चोच उघडली, पण आवाज केला नाही. मान खाली घालून त्यानं दोनदा गळा आखडला आणि उडून फांदीवर गेला.

भटजी दर्भ हातात घेऊन ताटकळले होते. मैनाबाय हळूहळू चालत माझ्याकडे आली. जवळ आल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे हात थंडगार होते.

"ताय," ती अगदी हळू म्हणाली, "तुमी लय केलाव आमचेसाठी. पन तुमी जरा तिकरं जाल? त्यांना तुमी दिसताव."

मला वाईट वाटलं का? वाटलं. माणसांसमोर अपमान झाल्यासारखंही क्षणभर वाटलं. पण त्याहून जास्त वाटलं ते असं, की हिला हे सांगायला किती जड गेलं असेल. मी मान डोलावली आणि चढण चढून रस्त्यावर गेले. तिथं हसुरामचाच टेम्पो उभा होता. त्याच्या मागच्या बाजूला, चाकाशी, नदीवरून कोणालाही दिसणार नाही अशी मी बसले. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. या वयात, एवढं शिकून, एका मेलेल्या माणसाला मी दिसू नये म्हणून मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम पंखांचा आवाज झाला, एकाचा नव्हे, सगळ्यांचा. खाली बायका रडू लागल्या. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. कावकावीनं नदी भरून गेली.

"ताय!" मैनाबाय खालून हाका मारत होती, हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "ताय, या आता! जेवतो त्यो! कसा जेवतो, येऊन बघा तरी!"

मी टेम्पोच्या आडून हलले नाही. त्याचं अजून जेवण चाललं होतं.